भुंडे हात

“हात दाखवा,” ट्यूटर बाई म्हणाल्या.

आम्ही सगळ्या सिस्टर भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो, शाळेत नखं तपासायला उभं करतात तशा. इंगवले ट्यूटर जिल्ह्याच्या गावाहून आल्या होत्या. डिस्पोझेबल सिरिंज कशी हाताळायची आणि वापरून झाली की कशी टाकायची, हे त्या आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सेसना आठवडाभर शिकवणार होत्या. सकाळी ही बातमी ऐकल्यावर लोखंडे सिस्टर माझ्या कानाशी लागून म्हणाल्या होत्या, “शालन, टाकायला शिकवायला बाई आणलीय गं. पुढच्या महिन्यात थुंकायला शिकवायला एक येईल.”

लोखंडे सिस्टरांचं खोटं नव्हतं. काचेच्या सिरिंजा उकळण्यात त्यांचा जन्म गेला होता. मी त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, पण माझं शिक्षणही काचेवरच झालेलं. काचेची सिरिंज हातातून सुटली तर आधी ती झेलायची आणि मग स्वतःचा पाय वाचवायचा, असं आम्हाला शिकवलेलं. आम्हाला जपायचं माहीत होतं. टाकायचं माहीत नव्हतं.

ट्यूटर बाई रांगेतून पुढे सरकत होत्या. उंच, हडकुळ्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत आणि उतरवायच्याही नाहीत. लोखंडे सिस्टरांची अंगठी काढायला लावली. दुसऱ्या एकीचं घड्याळ काढून पदराला पिनेनं टाचायला लावलं. मग माझ्यासमोर येऊन थांबल्या.

“हे काय?”

“बांगड्या, मॅडम.”

“ते मला दिसतंय.”

माझ्या लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. दोन्ही हातांत हिरवा चुडा होता, डझन-डझन. ड्यूटीवर मी तो कोपराकडे सारून वर रबर बँड चढवायची. आमच्या डॉक्टरांनी कधी हूं की चूं केलं नव्हतं.

“बांगडीत सुई अडकते, टोपण अडकतं, हातमोजा फाटतो, आणि काचेच्या खालचं रक्त धुतलं जात नाही,” त्या म्हणाल्या. मग आम्हा सगळ्यांकडे बघून, “कोपरापासून खाली हात भुंडे पाहिजेत. सगळ्यांचे.”

भुंडा हा शब्द आमच्याकडे सहजासहजी कुणी तोंडातून काढत नाही. शिंग मोडलेला बैल भुंडा, फांद्या तोडलेलं झाड भुंडं, आणि जिचा नवरा गेला तिचा हात भुंडा. सकाळच्या वेळी, नव्या नवरीच्या तोंडावर कुणी हा शब्द उच्चारतं का? लोखंडे सिस्टरांनी तर चक्क जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

“आजचा दिवस वर सारून ठेवा,” ट्यूटर मला म्हणाल्या. “उद्या सकाळी दिसता कामा नयेत. दिसल्या तर मी तुम्हाला वॉर्डात घेणार नाही. आठवडा पुरा केला नाही तर प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय इथून पुढे कुणाला इंजेक्शनला हात लावता येणार नाही.”

मी तेव्हा कायम झालेली नव्हते. इंजेक्शन न देणारी तात्पुरती नर्स कोण ठेवून घेईल? म्हणजे बांगड्या ठेवल्या तर नोकरी जाणार.

आणि काढल्या तरी जाणारच होती. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला नोकरीला पाठवताना एकच अट घातली होती. “काय बी कर, पर हात मोकळं करून घरात येऊ नगंस. त्या दिशी नोकरी सपली.” त्यांना वेड्यात काढणं सोपं आहे. पण माझे थोरले दीर विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, त्याच्या आदल्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी हाताला गळू झालं म्हणून बांगड्या उतरवून ठेवल्या होत्या. आत्याबाईंनी एका मुलाला असं जाताना पाहिलं होतं. दुसऱ्याच्या बाबतीत त्यांना कुठलीच जोखीम नको होती. त्यांच्याशी वाद घालायला मला कधी तोंडच उघडवलं नाही, कारण जाऊबाई त्याच घरात, त्याच चुलीपुढे, खाली मान घालून भाकऱ्या थापत असायच्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. सकाळचं व्याख्यान माझ्या कानावरून नुसतं वाहून गेलं. सुईला परत टोपण लावायचं नाही, सुई वाकवायची नाही, हाताने काढायची नाही, एकीने दुसरीच्या हातात द्यायची नाही, वापरली की आहे तशी थेट डब्यात. मी वहीत लिहून घेत होते आणि मनात एकच चाललं होतं, उद्या सकाळी काय?

दुपारी प्रत्यक्ष काम होतं. पुरुष वॉर्डातली इंजेक्शनं आम्ही एकेकीने द्यायची, इंजेक्शन रूममध्ये येऊन सिरिंज टाकायची, आणि ट्यूटर बघणार. टाकायचा डबा म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा होता. सुई आरपार जाऊ नये म्हणून पत्र्याचा. आमच्या स्टोअरकीपरने त्याच्या वरच्या बाजूला छिन्नीने भोक पाडलं होतं. माणूस सढळ हाताचा. बारीक भोक पाडायचं सोडून चांगलं मूठभर पाडलं, आणि पत्रा कापून न टाकता त्याच्या पाकळ्या आत दाबून दिल्या. कुणाला लागू नये हा हेतू. महिनाभर त्या डब्यात सगळ्या वॉर्डांच्या सुया पडत होत्या. क्षयाच्या, काविळीच्या, आणि ज्या रोगाचं नाव तेव्हा डॉक्टरसुद्धा दार लोटून घ्यायचे, त्याच्याही.

माझी पाळी आली. इंजेक्शन नीट दिलं. टोपण लावलं नाही. डब्यापाशी आले आणि सिरिंज भोकात सोडली. ती सरळ गेली नाही. पाकळीवर टेकली, क्षणभर आडवी राहिली आणि घरंगळली.

मी ती झेलायला गेले.

विचार केला असता तर गेले नसते. पण हाताने मला विचारलंच नाही. सिरिंज हातातून सुटली की झेलायची, एवढंच त्याला ठाऊक होतं. मनगटापर्यंत हात आत गेला, रबर बँड तुटला, बारा बांगड्या सरसर खाली उतरल्या आणि हाताबरोबर भोकातून आत गेल्या. मी दचकून हात मागे ओढला. तो आला नाही. पाकळ्यांनी बांगड्या आतून धरून ठेवल्या होत्या. उंदराच्या पिंजऱ्यात आत जायला वाट असते आणि बाहेर यायला नसते, तसं.

“मॅडम,” मी म्हणाले. 

ट्यूटर एका नजरेत समजल्या. “ओढू नका. हात आहे तिथेच ठेवा. बोटं मिटू नका.”

बोटांच्या खाली मला सुया लागत होत्या. टोचत नव्हत्या, लागत होत्या. तळहाताच्या खाली एक आणि करंगळीच्या बाजूला एक. मी श्वास घेतला तरी त्या हलतात असं वाटायचं. मला वाटलं, आता मी चक्कर येऊन पडणार, आणि पडले तर हात तसाच खाली जाणार.

“पत्रा कापायची कात्री आणते,” लोखंडे सिस्टर रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

“नको. कात्री लावली की डबा हादरणार. मला आर्टरी फोर्सेप आणा, गॉज आणा, आणि मग सगळ्या बाहेर जा.”

फोर्सेप म्हणजे आमचा लांब चोचीचा चिमटा. तो आला, सगळ्या गेल्या, दार लागलं. ट्यूटरनी मला स्टुलावर बसवलं, स्वतः फरशीवर गुडघे टेकले आणि एका हाताने माझा कोपर घट्ट धरला. भोकाच्या कडेला, माझ्या मनगटाभोवती त्यांनी गॉजची पट्टी सरकवली, पत्रा लागू नये म्हणून.

“एकेक बांगडी चिमट्यात धरते आणि दाबते. तुकडे आत पडतील. तू फक्त हलू नकोस.”

त्या अहो-जाहोवरून अगं-तुगंवर आल्या होत्या, हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी भलतंच बोलले.

“फोडू नका, मॅडम.”

“काय?”

“माझे मालक आहेत. चांगले आहेत. फोडू नका.”

आज सांगताना मलाच नवल वाटतं. बोटांखाली मरण उभं होतं आणि मी काचेची काळजी करत होते. पण ते खोटं नव्हतं. मला खरोखर, पोटातून भीती वाटत होती. थोरल्या दिरांचं नुसतं ऐकलेलं मरण डोळ्यांपुढे आलं. माझे मालक साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आणि त्या क्षणी तिथे एखादी बैलगाडी उलटत असेल असं मला दिसायला लागलं.

ट्यूटर रागावल्या नाहीत. चिमटा खाली ठेवला.

“घरी कोण म्हणतं असं?”

मी सगळं सांगितलं. आत्याबाईंची अट, दीर, जाऊबाई. हात डब्यात आणि तोंडाने घरची कहाणी. त्या माझा कोपर धरून ऐकत राहिल्या.

“तुझ्या जाऊच्या बांगड्या फोडताना तू होतीस?”

“नाही. लग्नाच्या आधी झालं ते.”

“मग तुला माहीत नाही.” त्यांनी स्वतःचा उजवा हात माझ्यासमोर धरला. मनगटाच्या आतल्या बाजूला एक आडवा पांढरा वण होता, टाक्यांच्या खुणांसकट. “मी तुझ्यापेक्षा लहान होते. दोघींनी हात धरला, तिसरीने पायरीवर आपटला. काच आत गेली. रक्त थांबेना, म्हणून बाकीचं सगळं तसंच टाकून मला दवाखान्यात नेलं.”

मी सुया विसरले. खरंच विसरले.

“तिथे दोन सिस्टर होत्या. एकीने हात धरला, दुसरीने टाके घातले. मी सारखी त्यांच्या हातांकडे बघत होते. दोघींचे हात भुंडे. मी विचारलं, बाई, तुमचेही गेले का? एक हसायला लागली. म्हणाली, अगं, माझा नवरा संध्याकाळी मला न्यायला येतो, बघ पाहिजे तर. दुसरी काहीच बोलली नाही. मी तासभर तिथे पडले होते, पण हातांवरून मला ओळखता येईना, कोण सवाष्ण आणि कोण माझ्यासारखी.” त्यांनी चिमटा उचलला. “तेव्हाच ठरवलं. राहायचं तर इथे राहायचं.”

बाहेर लोखंडे सिस्टर कुणाला तरी दबक्या आवाजात काही सांगत होत्या. ट्यूटरनी चिमटा माझ्या मनगटाच्या कडेने आत घातला. थंडगार लागला.

“आणि मी तुझ्या फोडत नाहीये,” त्या म्हणाल्या. “वाढवतेय. कळलं?”

आमच्याकडे सवाष्णीची बांगडी पिचली तर फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ज्या बाईच्या आपटून फोडल्या होत्या, तिने माझ्यासाठी हा शब्द शोधून काढला. मला रडू आलं, आणि रडायचं तर अंग न हलवता रडायचं, हे मी त्या दिवशी शिकले.

कट् आवाज झाला. एक तुकडा माझ्या बोटाला घासून खाली पडला. “वाढली,” त्या म्हणाल्या. पुन्हा कट्. “वाढली.” प्रत्येक बांगडीला म्हणाल्या, घाई न करता. शेवटच्या दोन मनगटाच्या हाडामागे अडकल्या होत्या, त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी माझा अंगठा तळहाताकडे दुमडायला लावला आणि हात वर घेतला, विहिरीतून भरलेली कळशी ओढतात तसा, न हिंदकळता.

वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुतला. त्यांनी भिंग आणवलं, खिडकीपाशी नेऊन बोट न् बोट बघितलं. कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

मला वाटलं, एवढं झाल्यावर बाई आता नियम थोडा सैल करतील. त्या चिमटा धुवायला टाकत म्हणाल्या, “डाव्या हाताचं तू बघ. उद्या बांगड्या असतील तर दारातून परत पाठवीन.”

संध्याकाळी मी घरी गेले ती एक हात भरलेला आणि एक रिकामा अशी. उजवा हात पदरात गुंडाळला होता. आत्याबाईंनी दारातच ओळखलं.

“हात काढ भाईर.”

काढला.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उंबऱ्यातच बसल्या आणि डोक्याला हात लावला. “माझा एक गेलाय गं. दुसऱ्यावर उठलीस व्हय?”

मी डब्याचं सांगितलं, सुयांचं सांगितलं. “अवो आत्याबाई, हात अडकला होता. जीव गेला असता माझा.”

“तुझा गेला असता,” त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण ते वाक्य मला अजून टोचतं.

लगेच कासारणीला बोलावणं गेलं. ती टोपली घेऊन आली तेव्हा आत्याबाईंनी तिला बजावलं, “एक नंबर बारीक घाल. निघतासुद्धा येऊ नयेत.” डाव्या हाताच्या जुन्याही उतरवून नव्या भरायच्या ठरल्या. कासारणीने माझा अंगठा मुडपला, हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी रेटून चढवली. हाडं कडकडली. भरून झालं तेव्हा बांगड्या मनगटावर हलतसुद्धा नव्हत्या, बेडीसारख्या बसल्या होत्या. वर सारायची सोय उरली नव्हती. आता त्या काढायच्या तर एकच वाट होती.

माझे मालक, सर्जेराव, खाटेवर बसून हे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, निदान तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, “आई म्हणतीया तर घाल की. कशाला डोक्याला ताप?”

जाऊबाई चुलीपाशी होत्या. आत्याबाई कासारणीला तांदूळ द्यायला उठल्या, तेवढ्यात त्या माझ्याजवळ आल्या. त्या घरात त्या माझ्याशी आपणहून कधी बोलल्याचं मला आठवत नाही. हळूच म्हणाल्या, “गळू व्हतं गं हाताला. पू व्हता. न्हाई काढल्या असत्या तर हात गेला असता.” आणि परत चुलीपाशी गेल्या.

इतकी वर्षं त्या हेच कुणाला तरी सांगायला थांबल्या असाव्यात.

सकाळी सर्जेरावांनी मला नेहमीप्रमाणे एम-एटीवरून दवाखान्याच्या फाटकाशी सोडलं. तिथून ते कारखान्यावर जायचे. मी पायरीशी येऊन उभी राहिले. आतून ट्यूटर बाईंचा आवाज येत होता. मागे वळले तर घर होतं, चूल होती, आणि चुलीपाशी बसलेल्या जाऊबाई होत्या. पुढे गेले तर दारातून परत यायचं होतं. आदल्या दिवशी डब्यात हात होता तेव्हासुद्धा इतकं कोंडल्यासारखं झालं नव्हतं.

“जरा थांबा,” मी मालकांना म्हणाले. “जाऊ नका.”

त्यांनी गाडी स्टँडला लावली. मी पदराचा बोळा करून मनगटाखाली धरला, काच आत जाऊ नये म्हणून, आणि उजवा हात पायरीच्या कडेवर टेकवून दाबला. कट्. “वाढली,” मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मग दुसरी. मग डावा हात. कुणी माझा हात धरलेला नव्हता, कुणी आपटत नव्हतं. औषधाच्या रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकीने तोंडाला पदर लावला. नवरा जिवंत, चांगला धडधाकट, चार पावलांवर उभा, आणि बायको स्वतःच्या हाताने चुडा उतरवतेय, असं त्यांनी बापजन्मी पाहिलेलं नसणार.

सगळ्या झाल्या. मी तुकडे पदरात गोळा केले, उकिरड्यात न टाकता दाराशी पत्र्याचा डबा होता त्यात टाकले, आणि मालकांकडे वळले.

सर्जेरावांनी एक हात छातीवर ठेवला होता. आपण ठेवलाय हे त्यांना कळलंही नसावं. चेहरा पांढराफटक पडला होता.

“काही होतंय का तुम्हाला?” मी विचारलं.

त्यांनी खरंच आतून चाचपून बघितल्यासारखं केलं.

“न्हाई,” ते म्हणाले.

“दुखतंय कुठं?”

“न्हाई.” मग हात खाली घेतला. “तुला लागलं न्हाई न्हवं?”

“नाही.”

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. “आईला काय सांगू?”

“काही सांगू नका,” मी म्हणाले. “नुसते त्यांच्यापुढे जाऊन उभे राहा.”

त्यांनी किक मारली. फाटकातून उजवीकडे कारखान्याचा रस्ता जातो, रोज ते तिकडेच वळायचे. त्या दिवशी गाडी डावीकडे, घराकडे वळली. मी ती वळताना पाहिली आणि आत गेले.